साईटवर नेट नसताना एसव्हीएनवर काम कसं करायचं

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. एसपीएम, म्हणजे एखाद्या खास कामासाठीची मशीन, बनवणाऱ्या कंपनीत नोकरी, एसव्हीएनचा (सबव्हर्जन, फाइलींच्या सगळ्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर फक्त ऑफिसच्या लॅनवर दिसतो, आणि महिन्याचे बरेच दिवस कस्टमरच्या प्लँटमध्ये कमिशनिंग, म्हणजे मशीन बसवून चालू करून देणं. तिथे नेट नाही, मोबाईल गेटवरच जमा. लॅपटॉपवर सी शार्पमधला एचएमआयचा (ऑपरेटरच्या स्क्रीनचा) कोड, पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) प्रोजेक्ट, थोडी ड्रॉइंग्ज. दोन-तीन आठवड्यांनी परत आलं की एकच भलामोठा कमिट (बदल सर्व्हरवर नोंदवणं), मेसेज काय तर "साईट चेंजेस", आणि त्याआधी अपडेट मारला, म्हणजे सर्व्हरवरचे बदल खाली घेतले, की निम्म्या फाइलींवर कॉन्फ्लिक्ट, एकाच जागी दोघांचे वेगळे बदल. टीममधला एकजण म्हणतो सगळं गिटवर (असंच दुसरं सॉफ्टवेअर, पण त्यात कमिट आधी स्वतःच्या लॅपटॉपवरच होतो) न्या, मॅनेजर म्हणतात एसव्हीएनच राहणार, तर सर आता करू काय.

मॅनेजरांशी भांडू नकोस, तुमच्या कामाला एसव्हीएन वाईट नाहीये. पीएलसीचे प्रोजेक्ट बायनरी असतात, ओळीओळीचा मजकूर नसतो, ते मर्ज होत नाहीत, म्हणजे दोघांचे बदल एकत्र जुळवता येत नाहीत, त्यांना लॉकच लागतो, एकाने फाइल धरली की दुसऱ्याने थांबायचं, आणि लॉक म्हटलं की मध्ये सर्व्हर आलाच, गिट एलएफएसचा (गिटची मोठ्या फाइलींसाठीची जोड) लॉकसुद्धा सर्व्हरला विचारूनच मिळतो. तुझी खरी अडचण वेगळी आहे. एसव्हीएनमध्ये कमिट करणं म्हणजे लगेच सगळ्यांना देणं, "हे माझ्यापुरतं नोंदवून ठेव" अशी सोयच नाही, त्यामुळे नेट गेलं की काम चालू राहतं पण नोंद बंद पडते. आणि परतल्यावर तू अपडेट मारतोस तेव्हा दुसऱ्यांचे बदल तुझ्या अजून कुठेच न नोंदवलेल्या कामात मिसळतात, आणि ते मिसळलेलं परत वेगळं करता येत नाही. या दोन गोष्टींची सोय लावली की बाकी सगळं किरकोळ आहे.

आता ऑफलाइन काय चालतं ते बघू, कारण बरेच लोक नेट नाही म्हटल्यावर एसव्हीएनला हातच लावत नाहीत आणि फोल्डरच्या कॉप्या काढत बसतात, फायनल, फायनल२, फायनल_कस्टमर_ओके वगैरे. वर्किंग कॉपीच्या, म्हणजे लॅपटॉपवर घेतलेल्या प्रतीच्या, मुळाशी जो डॉट एसव्हीएन नावाचा लपलेला फोल्डर असतो त्यात प्रिस्टीन म्हणून एक फोल्डर आहे, त्यात तू शेवटचा अपडेट घेतलास तेव्हाची प्रत्येक फाइल जशीच्या तशी ठेवलेली असते. म्हणूनच वर्किंग कॉपी दुप्पट जागा खाते. १.७ च्या आधी, म्हणजे २०११ पर्यंत, असा फोल्डर प्रत्येक सबफोल्डरमध्ये असायचा, आता मुळाशी एकच असतो आणि हिशोब एका एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये. ही जागा मुद्दामच खर्च केलेली आहे. एसव्हीएनच्या आधीच्या सीव्हीएसमध्ये नुसता डिफ (काय बदललं तो फरक) बघायचा तरी सर्व्हर लागायचा, २००० साली एसव्हीएन सुरू केलं त्यांनी ठरवलं की डिस्क स्वस्त आहे आणि नेटवर्क महाग, तर मूळ प्रत लॅपटॉपवरच ठेवू.

तर स्टेटस, डिफ, रिव्हर्ट (बदल टाकून मूळ प्रतीवर जाणं), अ‍ॅड, डिलीट, मूव्ह, प्रॉपर्टी बदलणं, क्लीनअप, हे सगळं नेटशिवाय चालतं. डिफ मात्र शेवटच्या अपडेटशीच, त्याच्या मागच्या रिव्हिजनशी (प्रत्येक कमिटने बनणारी क्रमांकाची आवृत्ती) नाही. प्लँटमध्ये वीज गेली, लॅपटॉप मध्येच बंद पडला आणि नंतर एसव्हीएन "वर्किंग कॉपी लॉक्ड" म्हणून ई१५५००४ दाखवतंय, तर घाबरू नकोस, क्लीनअप मार, त्याला सर्व्हर लागत नाही. चालत नाही ते म्हणजे कमिट, अपडेट, लॉग (जुन्या कमिटांची यादी), ब्लेम (कुठली ओळ कोणी बदलली), नवीन ब्रँच (कोडची वेगळी शाखा), स्विच (दुसऱ्या ब्रँचवर जाणं), लॉक घेणं आणि सोडणं, आणि मर्जही जवळजवळ नाहीच.

लॉगचं एक सांगतो. टॉर्टॉइज (विंडोजमध्ये एसव्हीएन माउसने चालवायचं सॉफ्टवेअर) वापरत असशील तर त्यात लॉग कॅशिंग असतं, एकदा ऑफिसात लॉगची खिडकी उघडून "शो ऑल" करून ठेव, मग साईटवर सर्व्हर सापडला नाही की तो विचारतो ऑफलाइन जायचं का, हो म्हण, जुने मेसेज दिसतात. फक्त मेसेज आणि फाइलींची नावं हां, जुना कोड नाही.

निघायच्या आदल्या दिवशीच्या कामावर जरा जास्त बोलतो कारण परतल्यावरचा त्रास निम्मा तिथेच संपतो.

पहिलं, एचएमआयच्या कोडसाठी सर्व्हरवर ब्रँच काढ. एसव्हीएनमध्ये ब्रँच म्हणजे सर्व्हरवरच कॉपी, क्षणात होते, जागा जवळपास घेत नाही, रिपॉझिटरी (सर्व्हरवरचा सगळा साठा) कितीही मोठी असो. ब्रँचेसमध्ये साईटच्या नावाने एक काढायची आणि तिचाच वेगळा चेकआउट (नवी वर्किंग कॉपी) घेऊन निघायचं. लोकांना वाटतं ब्रँच म्हणजे मर्जची कटकट, पण यातली गंमत बघ. एसव्हीएन कमिट नाकारतं ते फक्त तेव्हाच जेव्हा तू बदललेली फाइल सर्व्हरवर दुसऱ्या कोणी बदललेली असते. तुझ्या साईट ब्रँचला तुझ्याशिवाय कोणी हात लावणारच नाही, म्हणजे तीन आठवड्यांनी आलास तरी पहिला कमिट सरळ आत जाणार, कॉन्फ्लिक्ट नाही, अपडेटची गरज नाही. तुझं काम आधी सर्व्हरवर सुरक्षित आणि मर्जचं भांडण नंतर, डोकं शांत असताना. मर्ज बिघडला तर रिव्हर्ट मारून पुन्हा करता येतो कारण दोन्ही बाजू आता सर्व्हरवर आहेत. ट्रंकवर (सगळ्यांच्या मुख्य शाखेवर) काम करून परतल्यावर अपडेट मारण्यात हीच सोय नसते.

दुसरं, पीएलसीचा प्रोजेक्ट ब्रँचमध्ये घेऊ नकोस. इथे भलेभले फसतात. एसव्हीएनचा लॉक हा रिपॉझिटरीतल्या पाथवर (फाइलीच्या पत्त्यावर) असतो. तू ब्रँचमधल्या पीएलसी फाइलवर लॉक घेतलास तर ट्रंकमधली तीच फाइल बाकीच्यांना मोकळीच आहे, ते खुशाल बदलणार, आणि मर्जच्या वेळी तुझ्या हातात दोन बायनरी आणि कुठली खरी ते कोणालाच माहीत नाही. म्हणून पीएलसीचा फोल्डर ट्रंकवरूनच वेगळा चेकआउट कर आणि त्या फाइलींवर लॉक घेऊनच निघ. लॉकच्या मेसेजमध्ये स्वच्छ लिही, अमुक कस्टमरकडे आहे, साधारण अमुक तारखेपर्यंत, ऑनलाइन नाही. नाहीतर आठवड्याने कोणीतरी "हा लॉक विसरला वाटतं" म्हणून तोडणार, आणि फोर्स मारून कोणालाही तोडता येतो, अ‍ॅडमिनने हूक (सर्व्हरवर आपोआप चालणारी स्क्रिप्ट) लावून बंद केलं नसेल तर.

त्या फाइलींवर नीड्स-लॉक ही प्रॉपर्टी आहे का बघ, नसेल तर आजच लाव. ती असली की लॉक नसलेल्या प्रत्येकाला फाइल रीड-ओन्ली मिळते, म्हणजे ऑफिसातल्या माणसाला दोन तास काम केल्यावर नाही तर उघडतानाच कळतं की ही दुसऱ्याकडे आहे.

आणि लॉक घ्यायला विसरून साईटवर पोचलास तर? रीड-ओन्लीची खूण विंडोजमधून काढून टाक, काम कर, एसव्हीएन तुला अडवत नाही. परतल्यावर आधी लॉक माग. मधल्या काळात कोणी बदललं नसेल तर लॉक मिळेल आणि कमिट कर. बदललं असेल तर "आउट ऑफ डेट" म्हणून लॉकच मिळणार नाही, मग आपली फाइल बाहेर कॉपी करून ठेव, त्या माणसाशेजारी बस आणि पीएलसीच्याच सॉफ्टवेअरमध्ये दोन प्रोजेक्ट शेजारी उघडून हाताने जुळव. याला दुसरा उपाय नाही, कुठल्याही व्हर्जन कंट्रोलमध्ये नाही.

तिसरं, मुळावर अपडेट मारून मग एसव्हीएनव्हर्जन ही छोटी कमांड चालव. तिने ४१६८ असा एकच आकडा दिला तर उत्तम. ४१२३:४१६८एम असं काही आलं तर अर्थ असा की काही फाइली जुन्या रिव्हिजनवर आहेत काही नव्या, आणि एम म्हणजे त्यात न कमिट केलेले बदल पण आहेत. एस असेल तर एखादा सबफोल्डर भलत्याच ब्रँचवर स्विच केलेला आहे. अपडेट न मारता नुसते कमिट करत राहिलं की वर्किंग कॉपी अशी मिश्र होते, रोज काही वाटत नाही पण १.७ पासून मर्ज अशा कॉपीवर चालायला नकार देतो. ही कमांड ऑफलाइनही चालते, आणि कस्टमरच्या मशीनवर जी बिल्ड टाकतोस तिच्या व्हर्जनमध्ये हा आकडा घालत जा. एमसकट.

एक्सटर्नल्सचं (दुसरीकडचा फोल्डर आपल्या वर्किंग कॉपीत जोडून घेण्याची सोय) मात्र नीट वाच, बहुतेक मशीन बिल्डरांकडे कॉमन लायब्ररी अशीच जोडलेली असते. एक तर ती एक्सटर्नल ठराविक रिव्हिजनला पिन केलेली असावी, नाहीतर परतल्यावरच्या पहिल्या अपडेटला तुझा टेस्ट केलेला कोड आणि कालच बदललेली लायब्ररी असं कडबोळं होतं. दुसरं म्हणजे मुळावरून कमिट मारलास तरी एसव्हीएन एक्सटर्नल फोल्डरच्या आत शिरत नाही. स्टेटसमध्ये त्या फोल्डरसमोर एक्स दिसतो. साईटवर घाईत लायब्ररीतला टायमआउट बदललास, परत येऊन मुळावरून कमिट केलास, झालं असं वाटलं, आणि तो टायमआउट तुझ्याच लॅपटॉपवर राहिला. पुढच्या मशीनवर तोच फॉल्ट आला की मग शोधाशोध. लायब्ररीच्या फोल्डरमध्ये जाऊन वेगळा कमिट करावा लागतो, आणि तो ट्रंकवर जातो हे लक्षात ठेव, कारण एक्सटर्नल तुझ्या ब्रँचबरोबर ब्रँच होत नाही.

आणि टीमला सांगून जा की मी येईपर्यंत फोल्डरांची नावं बदलू नका. फाइलीतला कॉन्फ्लिक्ट दहा मिनिटांत सुटतो, पण तू बदललेली फाइल तिकडे कोणी दुसऱ्या फोल्डरात हलवली की ट्री कॉन्फ्लिक्ट येतो. १.१० पासून त्यात बरीच मदत मिळते, तरी अर्धा दिवस जातोच.

आता साईटवर नोंद कशी ठेवायची. सगळ्यात साधा प्रकार म्हणजे पॅच, बदलांचा फरक लिहिलेली एक फाइल. टॉर्टॉइजमध्ये क्रिएट पॅच, किंवा एसव्हीएन डिफचं आउटपुट फाइलीत, फाइलीला तारीख. परत लावायला १.७ पासून एसव्हीएन पॅच अशी कमांड आहे. पण मर्यादा समजून घे. प्रत्येक पॅच हा शेवटच्या अपडेटपासूनचा एकूण फरक असतो, कालपासूनचा नाही. जी नवी फाइल तू अ‍ॅडच केली नाहीस, स्टेटसमध्ये जिच्यासमोर प्रश्नचिन्ह आहे, ती पॅचमध्ये येत नाही. आणि साध्या पॅचमध्ये बायनरी मावत नाही. एक-दोन दिवसांच्या ट्रिपला ठीक आहे, त्यापुढे नको. एसव्हीएनमध्ये शेल्व्ह (बदल तात्पुरते बाजूला ठेवणं) म्हणूनही प्रकार आला आहे पण तो प्रायोगिक म्हणूनच ठेवलाय, कस्टमरचं काम मी त्याच्या भरवशावर टाकणार नाही.

दोन आठवड्यांच्या ट्रिपला मी सांगेन की त्याच वर्किंग कॉपीत गिट सुरू कर. हो, एसव्हीएनच्या आतच. मुळाशी गिट इनिट, गिटला सांग की डॉट एसव्हीएनकडे बघू नको, आणि सगळं एकदा कमिट कर, मेसेजमध्ये एसव्हीएनचा रिव्हिजन नंबर लिही. त्यानंतर साईटवर प्रत्येक अर्थपूर्ण टप्प्याला गिट कमिट, "सेन्सर तीनचा डीबाउन्स वाढवला, कस्टमरच्या मेंटेनन्सने सांगितलं म्हणून" असा. एसव्हीएनला यातलं काहीच कळत नाही, त्याला फक्त फाइली बदललेल्या दिसतात. संध्याकाळी काहीतरी बिघडलं आणि सकाळी मशीन चालत होतं, तर सकाळचा कोड एका कमांडमध्ये परत. कमिशनिंगला नेमकं हेच लागतं. प्रिस्टीनमधून रिव्हर्ट मारलास तर थेट तीन आठवडे मागे जातोस, त्याचा उपयोग शून्य.

यात चार ठिकाणी पाय घसरतो तेवढं सांगतो. विंडोजवर त्या रिपॉझिटरीपुरतं कोअर-ऑटो-सीआरएलएफ बंद कर, नाहीतर गिट लाइन एंडिंग (ओळ संपल्याची खूण) बदलतं आणि एसव्हीएनला न बदललेल्या फाइलीही बदललेल्या वाटतात. डॉट एसव्हीएन वगळायचं ते गिट-इग्नोअर फाइलीत लिहू नकोस, डॉट गिटच्या आत इन्फो फोल्डरात एक्सक्लूड नावाची फाइल असते तिच्यात लिही, म्हणजे तुझी खाजगी सोय टीमच्या रिपॉझिटरीत जाणार नाही. टॉर्टॉइजच्या सेटिंगमध्ये ग्लोबल इग्नोअरमध्ये डॉट गिट टाक, कारण परतल्यावर फोर्सने सगळं अ‍ॅड करशील तेव्हा अख्खा गिटचा फोल्डर एसव्हीएनमध्ये चढतो, आणि एसव्हीएनमध्ये चढलेलं इतिहासातून काढायला अ‍ॅडमिनला डम्प काढून गाळावं लागतं, शिव्या खाशील. चौथं सगळ्यात महत्त्वाचं, त्या फोल्डरात गिट क्लीन एक्सचा पर्याय देऊन कधीही मारायचा नाही. एक्स म्हणजे इग्नोअर केलेलंही साफ कर, आणि तू डॉट एसव्हीएनच इग्नोअर केलंयस. गेलं मग, नेट नसताना वर्किंग कॉपीचा नुसता फोल्डर उरतो.

फाइलीचं नाव बदलायचं असेल तर ते एसव्हीएन मूव्हनेच बदल, गिट स्वतःहून ओळखतं, एसव्हीएन ओळखत नाही. नुसतं एक्सप्लोररमधून बदललंस तर एसव्हीएनच्या लेखी जुनी हरवली आणि नवी अनोळखी, इतिहास तुटला.

तुमच्याकडे गिट जाणणारा जो मित्र आहे तो गिट-एसव्हीएनचं, म्हणजे गिटमधूनच एसव्हीएनच्या सर्व्हरशी बोलायच्या सोयीचं, नाव घेईल. ते चांगलं आहे, २००६ पासून आहे, आणि माझं मत असं की ज्याचं काम निव्वळ कोडचं आहे आणि जो गावाकडून किंवा प्रवासात काम करतो त्याने तेच वापरावं. सर्व्हरवरून इतिहास गिटमध्ये ओढून घेतो, लॉग, ब्लेम, जुनी रिव्हिजन सगळं लॅपटॉपवर, ऑफलाइन कमिट करत राहायचं, नेट आलं की गिट एसव्हीएन रिबेस (सर्व्हरचे नवे बदल घेऊन त्यांवर आपले कमिट पुन्हा बसवणं), मग डीकमिट, की तुझा प्रत्येक गिट कमिट एकेक एसव्हीएन रिव्हिजन बनून जातो. मोठी रिपॉझिटरी पहिल्यांदा ओढायला तासन् तास लागतात कारण ते एकेक रिव्हिजन करत येतं, म्हणून निघायच्या रात्री सुरू करू नकोस, आणि सगळा इतिहास नको असेल तर आर देऊन अलीकडच्या रिव्हिजनपासून घे. डीकमिटच्या आधी ड्राय-रन मारून बघ. मध्येच कॉन्फ्लिक्ट आला तर आधीचे कमिट गेलेले असतात, उरलेले रिबेस करून पुन्हा मारायचे. इतिहास सरळ रेषेत ठेव, गिटच्या मर्ज कमिटांची खिचडी करून डीकमिट करू नकोस.

पण तुझ्यासाठी ते नाही. गिट-एसव्हीएनला एक्सटर्नल्स कळत नाहीत, नीड्स-लॉक कळत नाही, ईओएल-स्टाइलची (लाइन एंडिंग ठरवणारी) प्रॉपर्टी पाळत नाही, आयडी वगैरे कीवर्ड भरत नाही. तुमच्याकडे यातल्या पहिल्या दोन गोष्टी तर नक्की लागणार. म्हणून साधं गिट.

साईटवर दोघं असाल तर आणखी एक सोय आहे. पेन ड्राइव्हवर फोल्डर कॉपी करून एकमेकांचं काम पुसण्यापेक्षा गिट बंडल कर, सगळे कमिट एका फाइलीत बांधले जातात, दुसऱ्याने ती फाइल लॅपटॉपवर घेऊन त्यातून पुल करायचं, मर्ज नीट होतो. सुरुवात मात्र एकाच्याच गिटचा क्लोन घेऊन करायची, दोघांनी वेगवेगळं इनिट करून नाही. आणि कस्टमरच्या आयटीने यूएसबी बंद केलेले असतात तिथे दोन लॅपटॉपमध्ये एक लॅनची केबल पुरते. एसव्हीएनमध्ये कमिट करणारा मात्र दोघांतला एकच ठरवा.

काही ठिकाणी जुन्या रिव्हिजन लागतातच, उदाहरणार्थ गेल्या वर्षी दिलेल्या मशीनवर जायचं आहे आणि तेव्हाचा कोड बघायचा आहे. त्यासाठी एसव्हीएनसिंक आहे, अख्ख्या रिपॉझिटरीची आरसा-प्रत लॅपटॉपवर. स्थानिक रिकामी रिपॉझिटरी बनव, तिच्या हूक्स फोल्डरात प्री-रेव्हप्रॉप-चेंज नावाची बॅच फाइल टाक जिच्यात एक्झिट शून्य एवढी एकच ओळ, मग इनिट आणि सिंक. पहिल्यांदा वेळ जातो, पुढे निघायच्या आधी फक्त नवीन रिव्हिजन येतात. रिपो ब्राउझर, लॉग, ब्लेम सगळं त्या स्थानिक पत्त्यावरून चालतं. पण हे फक्त बघायला. त्या आरशात कमिट केलास तर तिथला पुढचा रिव्हिजन नंबर तुझा होतो, सर्व्हरवर तोच नंबर दुसऱ्याच्या कमिटला मिळालेला असतो, आणि पुढचा सिंक बोंबलतो. ही वाहतूक एकेरीच आहे, उलट्या दिशेने काही जात नाही. काहीजण वर्किंग कॉपीच रिलोकेट करून आरशाला जोडतात, ते करू नकोस, एक दिवस सवयीने कमिट दाबला जातोच. लॉकही आरशात उतरत नाहीत. आणि कंपनीचा सगळा सोर्स लॅपटॉपवर घेऊन कस्टमरच्या गेटमधून जाणार आहेस, तर साहेबांना विचारून आणि डिस्क एन्क्रिप्ट करून.

परतल्यावर. लॅन लागलं की बोटं आपोआप अपडेटकडे जातात, ती आवर. आधी वर्किंग कॉपी डॉट एसव्हीएनसकट झिप करून बाजूला ठेव. मग स्टेटस बघ, प्रश्नचिन्हवाल्या फाइलींतल्या कुठल्या खरंच हव्यात आणि कुठल्या बिल्डचा कचरा ते ठरव, उद्गारचिन्हवाल्या म्हणजे एसव्हीएनला न सांगता उडालेल्या, त्या डिलीट कर किंवा रिव्हर्ट. मग स्टेटस यू देऊन, टॉर्टॉइजमध्ये चेक रिपॉझिटरी, सर्व्हरवर काय बदललंय ते नुसतं बघ, तारा दिसेल त्या फाइली तिकडेही बदलल्यात. ब्रँचवर असशील तर एकही तारा दिसायला नको.

मग गिटमधले टप्पे एसव्हीएनमध्ये चढव. सगळे पन्नास कमिट चढवायची गरज नाही, त्यातले निम्मे "पुन्हा ट्राय" असतात. गिटमध्ये जिथे जिथे एक काम पूर्ण झालं असे चार-सहा बिंदू निवड, जुन्यापासून सुरू करून एकेकावर गिट चेकआउट कर, एसव्हीएनमध्ये अ‍ॅड-डिलीट जुळव, कमिट कर, पुढच्यावर जा. मेसेजमध्ये साईटवरची खरी तारीख लिही, कारण एसव्हीएन सर्व्हरवर पोचल्याची वेळ लावतं, आणि सहा महिन्यांनी कस्टमर म्हणतो "तुमच्या माणसाने १२ तारखेला काहीतरी बदललं तेव्हापासून मशीन अडकतंय", तर लॉगमध्ये सगळं एकाच दुपारचं दिसतं आणि तू बोंबलतोस.

गिट वापरलं नसशील आणि सगळे बदल एकाच ढिगात असतील तर चेंजलिस्ट वापर, फाइलींचे गट पाडून गटागटाने कमिट. ते ऑफलाइनही करता येतं, संध्याकाळी हॉटेलवर बसून. एक फाइल एकाच गटात राहते, त्यामुळे एकाच फाइलीत दोन वेगळी कामं असतील तर ती एकत्रच जाणार.

पीएलसीच्या फाइलींचा कमिट वेगळा. कमिट झाला की एसव्हीएन लॉक सोडून देतं, परत त्याच साईटवर जायचं असेल तर नो-अनलॉक दे किंवा टॉर्टॉइजमध्ये कीप लॉक्सवर टिक कर. साईटवर कधी हॉटस्पॉट आणि व्हीपीएन पाच मिनिटं मिळालं तर ते या फाइलींसाठीच वापर, मोठ्या बायनरीची भीती बाळगू नकोस, एसव्हीएन पूर्ण फाइल नाही, प्रिस्टीनपासूनचा फरकच पाठवतं. प्रोजेक्ट झिपसारखा दाबून सेव्ह होत असेल तर मात्र छोट्या बदलालाही जवळपास अख्खी फाइल जाते, मग ऑफिसात आल्यावरच.

शेवटी मर्ज. आधी ट्रंकमधलं तुझ्या ब्रँचमध्ये आण, बिल्ड कर, सिम्युलेटरवर चालव, मग ब्रँच ट्रंकमध्ये ने. १.८ पासून रीइंटिग्रेटचा वेगळा पर्याय द्यावा लागत नाही, दिशा ते स्वतः ओळखतं. ब्रँच लगेच उडवू नकोस, कस्टमरचं फायनल सायनऑफ होईपर्यंत राहू दे, मशीनवर जे चालू आहे ते नेमकं तिथेच आहे.

कमेंटमध्ये एकाने विचारलंय की आमच्याकडे पर्फोर्स (असंच आणखी एक सॉफ्टवेअर) आहे. तिथे गोष्ट उलटी आहे, कुठली फाइल उघडली आहे, कुठली रिव्हिजन तुझ्याकडे आहे हा सगळा हिशोब सर्व्हरच ठेवतो, आणि फाइली मुळातच रीड-ओन्ली येतात. ऑफलाइन असताना रीड-ओन्ली काढून काम करायचं, अ‍ॅड-डिलीट बिनधास्त करायचं, परतल्यावर पी४ रिकन्साइल ही पर्फोर्सची कमांड, २०१२ च्या आवृत्तीपासून आहे, ते डिस्क आणि सर्व्हरचा हिशोब ताडून काय बदललं काय नवीन काय उडालं ते स्वतः चेंजलिस्टमध्ये मांडतं. एन देऊन आधी नुसतं बघून घे, आणि पी४ इग्नोअर फाइल नसेल तर बिल्डचा कचराही त्यात येईल. क्रम चुकवू नकोस, रिकन्साइल आधी, सिंक (तिथलं अपडेट) नंतर. उलटं केलंस तर सिंक "लिहिता येणारी फाइल पुसू शकत नाही" म्हणून अडतो ते बरं, पण मग लोक वैतागून फोर्स सिंक मारतात, आणि तिथे रिव्हर्टला प्रिस्टीन वगैरे काही नसतं.